घडीचा चाकू घेताना आधी सांधा बघा

दुकानात घडीचा चाकू हातात आला की बहुतेक जण पहिल्यांदा अंगठ्याने धार चाचपतात. खरं तर धार ही त्या चाकूतली सगळ्यात तात्पुरती गोष्ट. बोथट झालेली धार दगडावर अर्ध्या तासात परत येते, आणि कारखान्यातून आलेली उत्तम धारही रोजच्या वापरात काही आठवड्यांत उतरते. सांधा, म्हणजे पातं मुठीत जिथे फिरतं ती जागा. त्याची घडण मात्र जशी असेल तशीच शेवटपर्यंत राहते. अडकित्ता घेताना जाणती माणसं पात्याकडे नंतर बघतात, आधी खिळ्यापाशी दोन्ही दांड्या आडव्या हलवून बघतात. घडीच्या चाकूलाही तोच न्याय लावावा.

इथे चाकू म्हणजे रोजच्या कामाचा चाकू. फळं चिरणं, सुतळी कापणं, खोकी उघडणं, ट्रेकला कांदा-काकडी करणं, एवढंच त्याचं काम. त्याला ७ ते ८.५ सेंमी पातं भरपूर झालं. ६ सेंमीच्या खाली हापूसचा गाल एका कापात सुटत नाही. ९ च्या वर गेलं की बसताना मूठ मांडीत टोचते आणि चाकू हळूहळू घरीच राहायला लागतो. कलिंगड कापायला घडीचा चाकू घेऊच नये, ते सुरीचं काम.

वजनाचाही विचार आधीच करा. ओपिनेल या फ्रेंच चाकूचा ८ नंबर जेमतेम ४५ ग्रॅमचा असतो. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, मिटल्यावर ९१ मिमी भरणारा स्पार्टन ६० च्या आसपास, कात्री आणि करवत असलेला हंट्समन शंभराच्या जरा खाली. बक ११० हा अमेरिकन चाकू पितळी टोकांमुळे थेट २०० ग्रॅमवर जातो, म्हणूनच तो पट्ट्याला चामड्याच्या म्यानात लावतात. पायजम्याच्या खिशात २०० ग्रॅम लोंबकळत असेल तर पायजमा जिंकत नाही.

दुकानात जाताना वर्तमानपत्राचं एक पान, सहा इंची स्टीलची पट्टी आणि मोबाइलचा टॉर्च एवढं जवळ असावं. घड्याळजीकडचं भिंग मिळालं तर उत्तम.

सांधा कोणत्या जातीचा

सगळ्यात जुनी आणि साधी जात स्प्रिंगची. मुठीच्या पाठीत एक जाड पोलादी पट्टी असते, ती पात्याच्या बुडावर (सांध्याकडच्या टोकावर) दाब देत राहते. पातं कुलूपबंद होत नाही, फक्त ताणून धरलेलं राहतं. स्विस चाकूंपैकी बहुतेक याच जातीचे. भाजी, फळं, दोरी यांना हे पुरतं. टोकाने भोक पाडायला किंवा लाकडात खुपसायला गेलात तर पातं बोटांवर मिटू शकतं.

दुसरी जात कड्याची. ओपिनेल हा फ्रान्समधल्या साव्वा प्रांतातला चाकू, १८९० पासूनचा. त्याच्या मुठीच्या तोंडाशी पोलादाचं फिरतं कडं असतं. ते १९५५ साली आलं. पातं उघडून कडं फिरवलं की पात्याच्या बुडामागची फट बंद होते. इतकी साधी, इतकी स्वस्त आणि बिघडायला इतकी कमी वाव असलेली रचना दुसरी सापडणं कठीण.

तिसरी बॅकलॉक. बक ११० ने १९६४ पासून ती लोकप्रिय केली. मुठीच्या पाठीवरचा दांडा पात्याच्या खाचेत बसतो, मागे दाबला की सुटतो. चौथी लाइनर लॉक, आज बाजारात सगळ्यात जास्त दिसणारी. मुठीच्या आतली पातळ धातूची पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाखाली टेकते. ती पट्टी म्हणजे मुठीचाच जाड भाग असेल तर त्याला फ्रेम लॉक म्हणतात. तपासणी दोघांची एकच. बटणाचे आणि आडव्या दांड्याचे लॉकही मिळतात, पण स्वस्तातले घेऊ नयेत. त्यांच्या आतल्या बारीक स्प्रिंगा आपल्याकडे बदलून मिळत नाहीत.

हातात घेतल्यावर

चाकू आधी बंद ठेवूनच बघा. तोंडाच्या बाजूने खाचेत डोकवा. पातं दोन्ही भिंतींच्या बरोब्बर मध्ये हवं. एका बाजूला झुकलेलं असेल तर दोन कारणं असतात. मुख्य स्क्रू कमीजास्त आवळला गेलाय, किंवा पातंच वाकडं बसलंय. पहिलं सुधारतं, दुसरं नाही. टॉर्चच्या उजेडात पातं एका भिंतीला घासत असल्याची रेघ दिसली तर तो चाकू बाजूला ठेवून दुसरा मागा. टोक मुठीच्या कडेच्या आत पूर्ण बुडालं पाहिजे. नख फिरवून टोक लागत असेल तर खिशात हात घातल्यावरही ते लागणार.

मग चाकू मुठीत घट्ट धरून, तोंड जमिनीकडे करून दोन-तीनदा झटका द्या. समोर कुणी नाही ना, ते आधी बघा. पातं जराही बाहेर येता कामा नये. स्प्रिंगच्या चाकूत ते स्प्रिंगने धरलेलं असतं. लाइनर लॉकमध्ये पट्टीवरची बारीक गोळी पात्यातल्या खळग्यात बसते. गोळी झिजलेली किंवा खळगा उथळ असेल तर पातं खिशात आपोआप उघडतं, आणि त्याची खबर बोटालाच लागते.

आता सावकाश उघडा. उघडताना हालचाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी वाटली पाहिजे. मध्येच खरखर लागली तर आत कचरा किंवा घडणीतले धातूचे कण राहिलेत, धुऊन-तेल घालून ते जातं. एकाच ठिकाणी दर वेळी अडखळत असेल तर ते पात्याच्या बुडाच्या घडणीतलं वैगुण्य, ते जात नाही. स्प्रिंगचा चाकू उघडताना शेवटी ‘खट्’ असा भरीव आवाज येतो. मऊ, दमलेला ‘टप’ आला तर स्प्रिंग कमजोर. नखाने उघडायची खाच इतकी खोल हवी की ओल्या हाताने नख निसटू नये. पण नख मोडेल इतकी ताठ स्प्रिंगही नको, कारण असा चाकू घरातलं दुसरं कुणी वापरत नाही.

पातं पूर्ण उघडलं की खरी परीक्षा. एका हाताने मूठ पक्की धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याचं टोकाकडचं अंग पाठीकडून पकडा, आणि आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. धार बोटांपासून दूर हे वेगळं सांगायला नको.

डावी-उजवीकडे किंचित हालत असेल आणि सांध्याला स्क्रू असेल तर घाबरू नका. बहुतेक चाकूंना टी६ किंवा टी८ मापाचा सहा पाकळ्यांचा टॉर्क्स स्क्रू असतो. एक अष्टमांश फेरा आवळून परत बघायचं, लागलाच तर आणखी तेवढाच. जास्त आवळलं की पातं जड चालतं. दर आठवड्याला स्क्रू सैल होत असेल तर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू जागीच धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) एक थेंब पुरतो. सांध्याला स्क्रू नसून ठोकलेला खिळा असेल आणि पातं आडवं हालत असेल, तर ते घरी दुरुस्त होत नाही.

वर-खाली हालणं हा मात्र वेगळा रोग. तो स्क्रूचा दोष नसतो. लॉक आणि पात्याचं बूड एकमेकांना नीट टेकत नाहीत, असा त्याचा अर्थ. स्क्रू कितीही आवळा, हाल तशीच राहणार, आणि वापराने वाढणार. बॅकलॉकमध्ये केसभर हाल चांगल्या कंपन्यांच्या चाकूंतही सापडते, ती चालवून घ्यावी. लाइनर लॉकमध्ये अजिबात चालवून घेऊ नये. दुकानदार ‘वापरून बसेल’ म्हणेल. ताठ सांधा वापराने मोकळा होतो हे खरं, पण वर-खाली हालणारा सांधा वापराने सहसा घट्ट होत नाही.

लाइनर लॉकची पट्टी पात्याच्या बुडाखाली किती आत आलीय तेही बघा. बुडाची जाडी चार भागांत वाटली तर नव्या चाकूत पट्टी पहिल्या ते दुसऱ्या भागापर्यंत यावी. पाव भागसुद्धा आत येत नसेल तर दाबाखाली ती निसटू शकते. नव्यातच पलीकडच्या टोकाला पोचली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. पट्टी पात्याला कोपऱ्याने टेकतेय की सपाट अंगाने, हे टॉर्च लावल्यावर कळतं. सपाट अंगाने टेकलेली हवी.

मग दाब. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीसारखी धरा, बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका. पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून हळूहळू जोर वाढवा, जोराने दार ढकलतो तेवढा. लॉक सुटलं नाही, पट्टी सरकली नाही, की झालं. पाठ टेबलावर आपटून लॉक तपासायची एक पद्धत इंटरनेटवर फार दिसते. त्याने चांगल्या लॉकचंही बूड चेपतं, आणि चाकू अजून तुमचा झालेला नसतो. स्प्रिंगच्या चाकूला ही दाबाची परीक्षा लागू नाही, तो मिटणारच.

ओपिनेलसारख्या चाकूत कडं दोन्ही दिशांना फिरवून बघा. फिरवताना थोडा जोर लागला पाहिजे. बोटाच्या नुसत्या स्पर्शाने फिरणारं कडं खिशातही फिरतं.

सांध्यात पातं कशावर फिरतं हे कुणी विचारत नाही, पण विचारावं. पात्याच्या दोन्ही अंगांना फॉस्फर ब्राँझचे वॉशर असतील, नायलॉनचे असतील, किंवा बारीक छर्ऱ्यांचं बेअरिंग असेल. बेअरिंगचा चाकू दुकानात लोण्यासारखा उघडतो आणि गिऱ्हाईक तिथेच भाळतं. पण सह्याद्रीतली तांबडी माती किंवा आंब्याचा रस त्या छर्ऱ्यांत गेला की चाकू खोलल्याशिवाय साफ होत नाही. ज्याला चाकू बाहेर वापरायचाय त्याने ब्राँझचे वॉशर असलेलाच घ्यावा.

पात्याची जाडी

पोलादाच्या नावावर वाद घालणारे खूप भेटतात, जाडीवर बोलणारे थोडे. कापतं ते जाडीच्या हिशोबाने. पाठीपाशी दीड ते अडीच मिमी जाडी फळं-भाज्यांना योग्य. ओपिनेल ८ नंबर साधारण पावणेदोन मिमीच्या आत असतो, म्हणून तो सफरचंदातून सरकतो. साडेतीन-चार मिमीचं, लष्करी थाटाचं पातं सफरचंद कापत नाही, फोडतं. अर्ध्यापर्यंत पातं जातं आणि पुढचा भाग ‘कट्’ आवाज करत आपोआप फुटतो. हीच घरची परीक्षा आहे. कच्चा बटाटा किंवा गाजर घ्या. फोड कापली गेली की फुटली, ते लगेच कळतं.

पाठीपेक्षाही धारेच्या लगेच वरची जाडी महत्त्वाची. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) असेल तर धारेच्या अगदी वर अर्ध्या मिमीच्या आसपास भरली पाहिजे. पाऊण मिमीच्या पुढे गेली तर तो चाकू कितीही परजा, कापताना जड जाणारच.

धार उजेडाकडे करून टोकापासून बुडापर्यंत बघा. तीक्ष्ण धार उजेड परतवत नाही. जिथे बारीक चमक दिसते तिथे ती बोथट किंवा दबलेली आहे. ही चमक दगडावर जाते, काळजी नको. पण दोन्ही बाजूंच्या उताराची रुंदी एकीकडे बारीक आणि दुसरीकडे दुप्पट असेल, तर तो चाकू वाकडा कापेल, आणि ते सरळ करायला बरंच पोलाद खरवडावं लागेल. धार मुठीपाशी जिथे संपते तिथे एखादी छोटी अर्धगोल खाच असली तर चांगलं. ती नसली की दगड शेवटच्या चार-पाच मिमीपर्यंत पोचत नाही, आणि काही वर्षांत धारेला मध्ये खड्डा पडतो. करवतीसारख्या दातांची धार जाड दोरी छान कापते, पण ती घरच्या साध्या दगडावर लावता येत नाही. अर्धी साधी, अर्धी दातेरी, हा मला दोन्हीकडून अर्धवट प्रकार वाटतो.

वर्तमानपत्राचं पान हवेत धरून वरून खाली कापा. कारखान्याची धार पूर्ण लांबीत कागद न फाडता गेली तर उत्तम, नाही गेली तरी चाकू नाकारायचं ते कारण नाही.

पोलाद आणि त्याचं पाणी

पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-विझवून ते किती कडक केलंय, यावर त्याच्या नावापेक्षा जास्त अवलंबून असतं. कडकपणा रॉकवेल सी मापात सांगतात. व्हिक्टोरिनॉक्स पाती ५६ ला ठेवते आणि त्याच चाकूतल्या स्प्रिंगा ४९ ला, कारण पातं कडक हवं आणि स्प्रिंग न मोडता लवली पाहिजे. ५६ चं पातं लवकर उतरतं, पण लवकर लागतंही. ते कपाच्या बुडाच्या खरबरीत कड्यावरही लागतं. बक ४२०एचसी हे तसं साधंच पोलाद ५८ च्या आसपास नेते आणि ते नुसत्या नावापेक्षा बरंच चांगलं वागतं.

नुसतं ‘स्टेनलेस’, किंवा पुढे अक्षर नसलेलं ‘४४०’, असं छापलेलं पातं म्हणजे पोलाद सांगण्यासारखं नाही. ३सीआर१३ मध्ये कार्बन टक्क्याचा तिसरा हिस्सा असतो, त्याची धार टोमॅटोच्या दोन खोक्यांचा पुठ्ठा कापण्यात संपते. माफक पैशांत ८सीआर१३मोव्ही, १२सी२७, १४सी२८एन ही नावं दिसली तर पुढे जायला हरकत नाही. यातलं १४सी२८एन, १४ टक्के क्रोमियमचं, मुंबई-कोकणच्या दमट हवेला सगळ्यात योग्य. डी२ हे पोलाद धार खूप टिकवतं, पण त्यात क्रोमियम बाराच्या आसपास, आणि त्यातलं बरंचसं कार्बनशी बांधलेलं असतं. त्यामुळे जुलैत खिशातल्या घामाने त्यावर तांबूस ठिपके येतात. पुण्या-नाशकात चालेल, मालवणात रोज पुसायची तयारी ठेवा.

साधं कार्बनचं पोलाद, उदाहरणार्थ ओपिनेलचं ‘कार्बोन’ लिहिलेलं पातं, फार सुंदर धार घेतं. कैरी, लिंबू, चिंच लागली की ते काळं-निळसर होतं. तो गंज नव्हे, उलट तो थर गंजाला थोडा अडवतो. पण कैरीच्या फोडीला धातूची चव लागते आणि घरात कुरबूर होते. जेवणाच्या कामाला त्याच चाकूचं ‘इनॉक्स’, म्हणजे स्टेनलेस, पातं घ्यावं.

नागमोडी रेघांचं ‘दमास्कस’ पातं स्वस्तात दिसलं तर पाठ तपासा. थर खरे असतील तर रेघा पाठीवरून पलीकडे जातात. फक्त दोन सपाट अंगांवरच असतील तर ते लेझरने काढलेलं चित्र. काळा रंग चढवलेल्या पात्याबद्दल एवढंच की तो रंग झिजून फळात जाऊ शकतो.

मूठ आणि पावसाळा

चार बोटं मुठीवर पूर्ण मावली पाहिजेत, निदान साडेतीन. जाडी ११-१३ मिमी असली की तळव्यात भरते. पाच मिनिटं जोराने धरून पुठ्ठा कापल्यासारखी हालचाल करा. खिशाला अडकवायची क्लिप तळव्याला कुठे खुपते ते तेव्हाच कळतं. हात ओला करून तीच हालचाल परत करा. चकचकीत स्टीलची मूठ इथे नापास होते.

लाकडी मुठीचा वेगळाच स्वभाव आहे. बीच लाकडाची ओपिनेलची मूठ कोकणच्या पावसात पाणी पिऊन फुगते आणि पात्याला आवळून धरते, इतकी की नखाने उघडतच नाही. साव्वातले लोक मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात, पातं थोडं बाहेर येतं. कायमचा उपाय म्हणजे कोरड्या दिवसांत सांध्याच्या फटीत जवसाचं तेल दोन-तीनदा मुरू देणं. ज्याला ही उठाठेव नको त्याने नायलॉन किंवा जी१० (काचतंतू आणि रेझिनचं मिश्रण) ची मूठ घ्यावी.

पात्याला खोबरेल लावायची आपल्याकडे सवय आहे. थोड्या दिवसांना ठीक, पण सांध्यात ते चिकट होतं आणि थंडीत गोठतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वासरहित असतं, खवट होत नाही, एक थेंब सांध्याला पुरे.

कायदा

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. आपला ८ सेंमीचा चाकू यापासून लांब आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात मनाईचा आदेश निघतो तेव्हा त्यात चाकूही येतात, आणि असे आदेश सणा-निवडणुकांच्या दिवसांत निघत असतात. दिल्लीत स्प्रिंगने उघडणाऱ्या, ७.६२ सेंमी लांब आणि १.७२ सेंमी रुंद किंवा त्याहून मोठ्या पात्याच्या चाकूंवर १९८० पासून वेगळी अधिसूचना आहे. म्हणून बटण दाबल्यावर उडणारा, रामपुरी थाटाचा चाकू कामासाठी घेऊच नये. विमानात चाकू फक्त चेक-इन सामानात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की तिथे योग्य कारणाशिवाय फक्त ३ इंचांपर्यंतचा, लॉक नसलेला घडीचा चाकू जवळ बाळगता येतो. लाइनर लॉक किंवा कड्याचा ओपिनेल त्यात बसत नाही, स्प्रिंगचा छोटा स्विस बसतो.

ऑनलाइन मागवलात तर वरची सगळी तपासणी पार्सल उघडताच, काही कापायच्या आधी करावी. वापरलेला चाकू परत घेत नाहीत. वर-खाली हाल दाखवायची असेल तर मूठ टेबलावर दाबून, पात्याच्या टोकाशी स्टीलची पट्टी उभी धरून व्हिडिओ काढा. पट्टीवर टोक किती मिमी सरकतं ते दिसलं की विक्रेत्याशी वाद लवकर मिटतो.